रक्ताची पत्रिका

2021 च्या मे महिन्यातली रात्र. साडेअकरा वाजून गेले होते. मामेभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ पाठवली आणि खाली एवढेच लिहिले : ‘दादा, डी-डायमर 0.92 वरनं 1840 वर गेलाय. आई जेवंना झालीय.’

मामा कडेगाव तालुक्यातले. ऊस, थोडी हळद, दोन म्हशी. कोरोना होऊन मिरजेतल्या एका दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. मी डॉक्टर नाही. पण विज्ञानावर चार ओळी खरडतो, म्हणून त्या दोन महिन्यांत सगळ्या गोतावळ्याचे रिपोर्ट माझ्याकडे येत होते. मर्यादेबाहेरचा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असे आणि लोक तेवढाच वाचत. मी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. पहिला तालुक्याच्या लॅबचा, दुसरा मिरजेतला. पहिल्यात माप मायक्रोग्रॅमचे, दुसऱ्यात नॅनोग्रॅमचे. म्हणजे 0.92 चे झाले 920. राहिला दुपटीचा फरक. डी-डायमर म्हणजे रक्ताची गुठळी विरघळताना सुटणारा प्रथिनाचा तुकडा; त्याचा आकडा सांगायच्या दोन पद्धती आहेत, एकीचा आकडा दुसरीच्या साधारण दुप्पट येतो, आणि कोणती पद्धत वापरली ते रिपोर्टात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेले असते. 920 ची दुप्पट 1840. मामांच्या रक्तात चार दिवसांत काहीही हललेले नव्हते. हलले होते ते माप.

बारा वाजता फोन लावला. मामींनीच उचलला.

“म्हंजी वाढलं न्हाय?”

“नाही मामी, वाढलं नाही. मोजायची रीत बदललीय नुसती.”

“मग असं का ल्हित्यात मेलं?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्या उन्हाळ्यात सातारा-सांगलीत पोराचे लग्न ठरवताना पत्रिका जुळवावी तसे लोक रिपोर्ट जुळवत होते. दूध डेअरीच्या रांगेत, सोसायटीच्या ओट्यावर, पहिला प्रश्न ‘तब्येत कशी हाय’ नसून ‘स्कोर किती’ असा. स्कोर म्हणजे छातीच्या एचआरसीटी स्कॅनचा, 25 पैकी. त्यामागोमाग सीआरपी, फेरिटिन, एलडीएच, आयएल-सिक्स. ज्यांनी जन्मात इंग्रजीचा धडा वाचला नाही त्यांच्या तोंडी हे शब्द खत-बियाण्यांच्या नावांसारखे बसले होते. थेंबभर रक्तावरून माणूस तगेल की नाही ते सांगायची ही विद्या आली कुठून, याचा माग काढत गेलो तर थेट जर्मनीतल्या बाळंतिणींपर्यंत पोचलो.

सन 1843, जानेवारी. वुर्झबुर्ग गावात बाळंतरोगाने तरण्याताठ्या बाया दगावत होत्या. हात धुवा असे डॉक्टरांना सांगणारा झेमेलवाइस व्हिएन्नात अजून चार वर्षांनी बोलणार होता. योहान योझेफ शेरर हा तिथला वैद्य, पण ओढा रसायनशास्त्राकडे. मेलेल्या बायकांचे रक्त त्याने तपासले आणि त्यात त्याला लॅक्टिक आम्ल सापडले. हे आम्ल नवे नव्हते. शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने 1780 मध्ये ते आंबलेल्या दुधातून वेगळे काढले होते. आपल्या बोलीत दह्याच्या आंबटपणाचे आम्ल. पण ते माणसाच्या रक्तात, आणि तेही रोगाने मेलेल्या माणसाच्या, हे शेररने पहिल्यांदा दाखवले.

काळाचे माप कळावे म्हणून सांगतो : त्याच 1843 च्या 5 नोव्हेंबरला सांगलीत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांसमोर विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ उभे केले. साताऱ्यात प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून चार वर्षे झाली होती आणि धाकटे बंधू शहाजी राज्यावर होते. मराठी रंगभूमी आणि रक्तातले लॅक्टेट यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, वय तेवढे एक.

लॅक्टेट वाढते कशाने, हे सांगायला कराड-सांगली पट्ट्यात गुऱ्हाळाइतके सोयीचे काही नाही. चुलवाणात चिपाडे वाळलेली असली, वारा नीट मिळाला, की जाळ स्वच्छ लागतो. वारा कमी पडला की अर्धवट जळते आणि धुराड्यातून काळा धूर निघतो. पेशीत साखर जळते तिचेही तसेच. ऑक्सिजन पुरला तर शेवटपर्यंत जळते. नाही पुरला तर वाटेतच अडून तिचे लॅक्टेट होते. रिपोर्टातले एलडीएच म्हणजे हेच रूपांतर घडवून आणणारे एन्झाइम. पेशी फुटल्या की ते रक्तात सांडते. पुढे कळले की गोष्ट एवढी सरळ नाही. जाळ घालणाऱ्याने घाबरून भराभर चिपाडे कोंबली, तर वारा पुरेसा असूनही धूर होतो. तसेच जंतुसंसर्गात शरीरात अ‍ॅड्रेनालिन उसळते, साखर धडाधड तुटते, आणि ऑक्सिजन असूनही लॅक्टेट चढते. त्यातून यकृत थकलेले असेल तर साचलेले लॅक्टेट निपटायला कोणी नाही. धूर दिसला म्हणजे काहीतरी बिघडले, एवढे नक्की. काय बिघडले ते धूर सांगत नाही.

आपल्या वैद्यांना मरणाची चिन्हे वाचायचे वावडे कधीच नव्हते. चरकसंहितेतले इंद्रियस्थान हे आख्खे प्रकरण, त्याचे 12 अध्याय, त्याच कामाला वाहिलेले आहेत : रोग्याचा रंग, आवाज, वास, स्वप्ने, सावलीसुद्धा. त्यांना अरिष्टे म्हणत. त्यातल्या कितीतरी गोष्टी आज कोणी मानणार नाही. पण शेवटच्या अध्यायात चरक वैद्याला जे बजावतो ते मला त्या मे महिन्यात वारंवार आठवत होते. मरणाची चिन्हे दिसली तरी विचारल्याशिवाय बोलू नकोस. विचारले तरी, ज्याने रोग्याचा किंवा घरच्यांचा घात होईल असे बोलू नकोस. रात्री साडेअकराला पीडीएफ थेट पोराच्या मोबाइलवर टाकणाऱ्या यंत्रणेला हा अध्याय कोणी शिकवला नव्हता.

मिरजेचे नाव दोन गोष्टींसाठी घेतले जाते, तंतुवाद्ये आणि डॉक्टर. तंबोऱ्याची गोष्ट जुनी; डॉक्टरांची सुरू होते विल्यम वानलेस यांच्यापासून. हा कॅनडात जन्मलेला मिशनरी डॉक्टर 1889 मध्ये हिंदुस्थानात आला, आधी सांगलीत दवाखाना मांडला, आणि 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले. मिरज रेल्वेचे जंक्शन. कोल्हापूरपासून कर्नाटकापर्यंतचे रोगी बैलगाडीने, रेल्वेने तिथे येऊ लागले. पुढे सरकारने त्यांना ‘सर’ केले, 1933 मध्ये ते वारले, आणि सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडी हे नाव मागे राहिले. 1962 मध्ये मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आज त्या गावात दर चौथ्या दारावर डॉक्टरची पाटी दिसते, त्याचे मूळ हे.

पण वानलेस यांच्या उमेदीच्या काळात रक्त मोजणे जगभरातच अवघड होते. एकेका तपासणीला रक्त लागायचे भांडेभर. म्हणून डॉक्टर लघवीकडे वळत. जुन्या लॅबवाल्यांना बेनेडिक्टची परीक्षा आठवत असेल : निळे पाणी, त्यात लघवीचे आठ थेंब, परीक्षानळी दिव्यावर धरायची, आणि साखर असली तर निळ्याचा हिरवा, पिवळा, शेवटी विटकरी होताना बघत राहायचे. 1920 च्या आसपास हार्वर्डच्या फोलिन आणि वू यांनी थोडक्या रक्तात साखर मोजायची रीत बसवली, तेव्हा कुठे रक्ताचा आकडा रोजच्या व्यवहारात आला. त्याच प्रयोगशाळेत 1925 मध्ये आपल्याकडच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी फिस्के यांच्याबरोबर रक्तातले फॉस्फरस मोजायची रीत काढली. ती दोघांच्या नावाने पुढे कितीतरी दशके चालली.

सीआरपीही याच सुमाराचे. 1930 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रोग्यांचे रक्त तपासत होते. न्यूमोनियाच्या जंतूतल्या ‘सी’ नावाच्या घटकाशी चिकटणारे काहीतरी आजाऱ्यांच्या रक्तात मिळे आणि रोगी बरा होताच नाहीसे होई. 91 वर्षांनी पलूसच्या पारावर जे तीन अक्षरी नाव घेतले जात होते त्यातला ‘सी’ तो हा. एक भेद इथेच सांगून टाकतो. सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर ही प्रथिने किंवा प्रथिनांचे तुकडे. लॅक्टेट, साखर, युरिया ही शरीराच्या रोजच्या जळणातली छोटी रसायने, चयापचयजे. प्रथिने सांगतात की गावात दंगल झाली. चयापचयजे सांगतात की गावात चूल पेटतेय की नाही. लोकांच्या तोंडी सगळी प्रथिनेच होती. अतिदक्षता विभागात उभ्या डॉक्टरचा डोळा मात्र लॅक्टेटवर आणि साखरेवर असे.

अतिदक्षता विभाग ही चीजच मुळी रक्ताच्या एका आकड्याचा अर्थ चुकल्यातून जन्माला आली. 1952 च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेली पोरे रोज मरत होती. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेले दिसे, आणि डॉक्टर म्हणत, हा कसलासा अनाकलनीय क्षारविकार. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांना बोलावले. त्यांनी तेच आकडे पाहून उलटे सांगितले : क्षार कसला, कार्बन डायॉक्साइड साचतोय, पोरे श्वास न घेता आल्याने मरताहेत. 27 ऑगस्टला एका 12 वर्षांच्या मुलीच्या गळ्याला भोक पाडून त्यांनी रबरी पिशवीने हाताने वारा घातला आणि ती जगली. मग वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पाळ्या लागल्या. शेकडो पोरेपोरी आठवडेच्या आठवडे रोग्याच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिली. आकडा आधीही तोच होता, नंतरही तोच. बदलला तो त्याचा अर्थ.

त्यानंतर लॉस एंजेलिसला मॅक्स हॅरी वाइल यांनी ‘शॉक’मधल्या, म्हणजे रक्ताभिसरण कोसळलेल्या, रोग्यांसाठी वेगळा कक्ष थाटला. 1964 मध्ये ब्रोडर आणि वाइल यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात मांडले की शॉकमधला माणूस परत फिरेल की नाही याचा अंदाज लॅक्टेटवरून बांधता येतो; जादा लॅक्टेट 4 च्या वर गेलेल्यांपैकी फार थोडे वाचले. तो 4 चा आकडा जगभरच्या दवाखान्यांच्या भिंतींवर चढला. 2016 मध्ये सेप्टिक शॉकची, म्हणजे जंतुसंसर्गातून येणाऱ्या शॉकची, नवी व्याख्या ठरली तेव्हा तो 2 वर आला. आपल्याकडे मुंबईच्या केईएममध्ये 1968 मध्ये हृदयरोग्यांचा दक्षता कक्ष सुरू झाला. कराडला जयवंतराव भोसले यांचे कृष्णा रुग्णालय उभे राहायला 1980 चे दशक उजाडले. साखर कारखान्यांचा पैसा या भागात असा दवाखान्यांत, शाळांत, कॉलेजांत उतरत गेला.

आता 2020. 9 मार्चला ‘लॅन्सेट’मध्ये वुहानच्या 191 रोग्यांचा अभ्यास झळकला. त्यातले 54 दगावले होते. लेखकांनी लिहिले की दाखल होतानाच डी-डायमर 1 मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर मरणाची शक्यता 18 पटीने जास्त. बरोबर 14 दिवसांनी, 23 मार्चला, सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात सौदी अरेबियाहून परतलेल्या एका कुटुंबातले 4 जण पॉझिटिव्ह निघाले आणि आठवडाभरात त्या घरच्या व जवळच्या माणसांची संख्या 25 च्या घरात गेली. सारा महाराष्ट्र इस्लामपूरकडे बोट दाखवू लागला. शहराच्या सीमा बंद झाल्या, घरोघर तपासणी झाली, रोगी मिरजेच्या सरकारी रुग्णालयात नेले. ती मंडळी बरी होऊन परतली तेव्हा ज्या राज्याने त्यांना बोल लावला तेच ‘इस्लामपूर पॅटर्न’ म्हणून कौतुक करू लागले. आपली ही जुनी खोड.

वुहानचा तो 18 मात्र मागे राहिला आणि देशोदेशीच्या रिपोर्टांत घुसला. त्याच वाक्यात कंसात आणखी दोन आकडे होते, ते वाटेत गळाले. अंदाजाची खालची बाजू 2.64 पट, वरची 128.55 पट. खरा आकडा अडीचपट असू शकतो किंवा सव्वाशेपट, एवढ्या लहान अभ्यासावरून याहून नेमके सांगता येत नाही, असे लेखकांनीच प्रामाणिकपणे लिहिले होते. पिकाचा अंदाज विचारल्यावर ‘एकरी 20 टनापासून 1000 टनापर्यंत’ असे कोणी सांगितले, तर आपण त्याला दारात उभा करणार नाही. शिवाय पटीची भाषा ही घोळक्यासाठी. शंभर माणसांत कोणाकडे जास्त लक्ष ठेवायचे, खाट कोणाला आधी द्यायची, यासाठी ती उपयोगाची. शंभरातल्या एकाच्या कपाळावर ती कोरता येत नाही. पत्रिका मात्र एकट्याची असते, आणि लोक तशीच वाचत होते.

आकड्यांचा खरा उपयोग झाला तो औषध कोणाला द्यायचे ते ठरवताना. 16 जून 2020 ला इंग्लंडमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने जाहीर केले की डेक्सामेथासोन हे काही रुपयांत मिळणारे जुने स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्यांचे मरण एकतृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे एकपंचमांशाने कमी करते. ऑक्सिजन न लागणाऱ्याला मात्र फायदा नाही. इथे निवडीचे माप रक्ताचे नव्हतेच, श्वासाचे होते. पुढे त्याच चाचणीत महागड्या टोसिलिझुमॅबसाठी ऑक्सिजनबरोबर सीआरपी किमान 75 ही अट ठेवली. याउलट बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा. त्यासाठी किती धावाधाव झाली! आयसीएमआरने 39 रुग्णालयांत 464 रोग्यांवर चाचणी करून 2020 मध्येच दाखवले की त्याने ना आजार बळावायचा थांबतो, ना मरण टळते. तरी 2021 च्या एप्रिलमध्ये ‘प्लाझ्मा हवा आहे’ हे निरोप मोबाइलवर येतच होते, आणि रेमडेसिव्हिरसाठी पोरे रात्रभर मेडिकलच्या दारात बसत होती, जरी जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत त्याने मरण कमी झालेले दिसले नव्हते.

दुसऱ्या लाटेत सातारा, सांगली, कोल्हापूर ही रांग इतरांहून उशिरा पेटली आणि उशिरा विझली. साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासाठी बांधलेल्या इमारतीत जम्बो कोविड रुग्णालय थाटलेले होते. तलवारी, बंदुका यायच्या होत्या तिथे खाटा आणि ऑक्सिजनच्या नळ्या आल्या. ऑगस्ट 2021 च्या सुरुवातीला राज्याने बहुतेक जिल्हे मोकळे केले तेव्हा ज्या 11 जिल्ह्यांना निर्बंधांत ठेवले त्यांत हे तिन्ही होते. पेठांतले दुकानदार संतापले होते.

याच काळात दुसरे एक संकट चोरपावलांनी आले, आणि तेही रक्तातल्या चयापचयजाच्या वाटेने. साखर. ज्या पट्ट्याची ओळखच साखरेची, तिथे प्रत्येक दवाखान्यात सकाळ-संध्याकाळ बोट टोचून साखर मोजली जात होती. डेक्सामेथासोनने जीव वाचत होते; त्याच डेक्सामेथासोनने साखर 300, 400 वर जात होती. मधुमेह आहे हेच ठाऊक नसलेले कित्येक जण त्यात सापडले. काही ठिकाणी स्टेरॉइड गरजेपेक्षा लवकर, जास्त आणि लांबवून दिले गेले. मग नाकाच्या पोकळीत, डोळ्यामागे काळी बुरशी. 20 मे 2021 ला केंद्राने राज्यांना म्युकरमायकोसिसची नोंद सक्तीची करायला सांगितली. घरी बरा होऊन आलेला माणूस पंधरा दिवसांनी गाल बधिर झाला म्हणून परत निघायचा.

साखरेवरून डॉक्टरांचीही एकदा मोठी फजिती झाली आहे. 2001 मध्ये बेल्जियमच्या लूवेन शहरात ग्रेटा व्हान डेन बर्गे यांनी शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षतेत आलेल्या 1548 रोग्यांची साखर इन्सुलिनने अगदी निरोग्यासारखी राखली आणि मरणाचे प्रमाण 8 टक्क्यांवरून 4.6 वर आले. जगाने ते उचलून धरले. आकडा वाईट, तर आकडा दुरुस्त करा, किती सोपे! 2009 मध्ये ‘नाइस-शुगर’ नावाच्या 6104 रोग्यांच्या चाचणीत उलटे निघाले. साखर कडक राखलेल्यांत 27.5 टक्के दगावले, सैल सोडलेल्यांत 24.9. धुराड्याच्या तोंडावर बोळा कोंबून जाळ सुधारत नाही, हे गुऱ्हाळावरचे पोरही सांगेल. पण शास्त्राला ते सिद्ध करायला आठ वर्षे आणि सहा हजार माणसे लागली. आणि सिद्ध केले, हे महत्त्वाचे.

लॅक्टेटची गंमत तर आणखी वेगळी. ते नळीतसुद्धा वाढते. तांबड्या पेशींकडे साखर पूर्ण जाळायची सोयच नाही. त्या शरीराबाहेर, सिरिंजमध्येही, साखरेचे लॅक्टेट करतच राहतात. म्हणून नमुना बर्फावर ठेवून ताबडतोब मशिनला लावायचा, नाहीतर साखर तुटणे रोखणारी फ्लोराइडची करड्या टोपणाची नळी वापरायची. जत किंवा आटपाडीहून मिरजेला, माणहून साताऱ्याला, उन्हाच्या तडाख्यात मोटारसायकलच्या डिकीतून नमुना आला, तर वाटेतच तो रोगी कागदावर अत्यवस्थ होतो. शिराळ्याच्या बाजूच्या जुन्या डॉक्टरांना असल्या सापळ्यांची चांगली ओळख आहे. घोणस चावल्याच्या संशयात ते अजून काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन 20 मिनिटे निवांत ठेवतात आणि मग हळूच तिरकी करतात. रक्त गोठले नाही तर विष भिनले. पण नळी कोरी, काचेची आणि साबणाने न धुतलेली हवी. धुतलेली असली तर निरोग्याचे रक्तही नीट गोठत नाही. आकड्याआधी नळी बघावी, हे त्या भागात कंपाउंडरलाही कळते.

आता शास्त्र एका रसायनावर थांबलेले नाही. 2013 मध्ये अमेरिकेत लॅंगली आणि सहकाऱ्यांनी जंतुसंसर्गाने दवाखान्यात आलेल्यांच्या रक्तातली शेकडो चयापचयजे एकदम मोजली. जे पुढे वाचणार होते आणि जे जाणार होते त्यांच्या रक्ताची ठेवण पहिल्या दिवसापासून निराळी होती, विशेषतः चरबी जाळण्याच्या वाटेवर. जे गेले त्यांची चरबी भट्टीपर्यंत पोचत होती, आत जात नव्हती. वाचून अंगावर काटा येतो. तरी असल्या तपासणीची यंत्रे अजून संशोधनाच्या इमारतींतच आहेत. मिरजेत रात्री दोन वाजता ड्यूटीवर असलेल्या निवासी डॉक्टरच्या हाताशी ती यायला वेळ आहे.

त्याच्या हाताशी काय आहे? 2019 मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या 28 दवाखान्यांनी मिळून ‘अँड्रोमेडा-शॉक’ नावाची चाचणी केली. 424 रोगी. निम्म्यांवर लॅक्टेटचा आकडा पाहत उपचार. निम्म्यांवर बोटाचे टोक काचपट्टीने दहा सेकंद दाबून, सोडल्यावर पांढरे पडलेले किती वेळात लाल होते ते घड्याळात पाहत. तीन सेकंदांहून जास्त लागले तर रक्त पुरत नाही. 28 दिवसांत बोट दाबणाऱ्यांचे 34.9 टक्के गेले, लॅक्टेटवाल्यांचे 43.4. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही, म्हणून बोट जिंकले असे कोणी म्हणू नये. पण किट न लागणाऱ्या, वीज न खाणाऱ्या, एककाचा घोळ नसलेल्या त्या परीक्षेने महागड्या मशिनच्या तोडीस तोड काम केले, हे वाचले तेव्हा मला मामांच्या खाटेशी असलेल्या रात्रपाळीच्या सिस्टरची आठवण झाली. पीपीई किटमध्ये तिचे डोळे तेवढे दिसत. तासातासाने यायची, मामांचे बोट धरायची, नख दाबायची, सोडायची, मान हलवायची आणि पुढच्या खाटेकडे जायची. मामांना वाटे, पोरगी धीर द्यायला हात धरतीय.

मामा 17 व्या दिवशी घरी आले. फाइलमध्ये 40 च्या वर कागद. डी-डायमर सहा वेळा, तीन वेगवेगळ्या लॅबचे. मामींनी ती फाइल घरातल्या पेटीत ठेवली. मला एकदा उघडून दाखवली तर त्यात कारखान्याच्या बिलाच्या पावत्याही घुसलेल्या.

मागच्या गळीत हंगामात गेलो होतो. फडात ऊसतोड चाललेली. नातू ऊन लागून बांधावर बसला होता, चेहरा उतरलेला. मामा जवळ गेले, त्याचे बोट धरले, नख दाबून धरले आणि सोडले.

“एक... दोन... आला बघ रंग,” ते म्हणाले. “पानी पी आन् सावलीत बस.”